मेसॉनची अंतर्रचना आणि आपली परिभाषा

भौतिकीविषयीचा मराठी मजकूर तपासताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : पारिभाषिक शब्द शुद्ध आहेत की नाहीत? शब्द संस्कृत धातूपासून नीट साधला आहे काय, कोशात त्याला आधार आहे काय, एवढे पाहिले की परीक्षण संपते. त्या शब्दाने वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे केले आणि ते चित्र प्रत्यक्ष प्रयोगाशी जुळते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात तो एका विषयापुरता विचारावयाचा आहे. उच्च ऊर्जेच्या फोटॉनांचा मारा करून मेसॉन निर्माण करावयाचे आणि त्यावरून मेसॉनच्या घडणीविषयी अनुमान करावयाचे, असा हा प्रयोगप्रकार आहे. त्याचे वर्णन मराठीत ‘प्रकाशजननाने मेसॉनच्या अंतर्रचनेचा अभ्यास’ असे सहज केले जाते. ह्या वाक्यांशातील तीनही नामे, म्हणजे प्रकाशजनन, मेसॉन आणि अंतर्रचना, तपासण्याजोगी आहेत. तपासणी भाषाशास्त्राच्या बाजूने आहे. परंतु भौतिकीला डावलून ती करता येणार नाही.

ह्या चर्चेला आपल्या प्रदेशात एक विशेष निकड आहे. चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि येथल्या वनप्रदेशातील कितीतरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मराठी ही घरची भाषा नसून शाळेची भाषा आहे. गोंडी किंवा माडिया बोलणारा मुलगा विज्ञान प्रथम मराठीतून शिकतो आणि पदव्युत्तर वर्गात इंग्रजी ग्रंथाशी येऊन भिडतो. सिरोंच्याकडील विद्यार्थ्याच्या कानावर तेलुगू असते. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी व हिंदी असते. आता एकच शब्द पाहा. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लघुतम घटक आणि ‘रेणू’ म्हणजे अशा अणूंचा समूह. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हा शब्द दुसऱ्यासाठी योजतात. तेलुगूचीही वाटणी हिंदीसारखीच आहे. प्राणहिता ओलांडली की ‘अणू’ मोठा होतो, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हा विनोद राहत नाही. मराठीला जे स्वतःचे शब्द वाटतात ते येथे तीन भाषांच्या सीमेवर उभे आहेत. म्हणून शब्द केवळ शुद्ध असून भागत नाही. त्याने चुकीची वाट दाखवू नये, एवढी किमान अपेक्षा त्याच्याकडून केली पाहिजे.

प्रथम ‘मेसॉन’ हे नाव घेऊ. हे नाव रूढ करण्यात एका भारतीयाचा हात आहे, आणि त्याने दिलेले कारण भौतिकीचे नसून व्याकरणाचे आहे. १९३५ साली हिदेकी युकावा यांनी अणुकेंद्रातील बल वाहणारा, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाचा कण असला पाहिजे असे भाकीत केले. पुढे दोनच वर्षांच्या आत विश्वकिरणांत साधारण त्याच वस्तुमानाचा कण आढळला, आणि अँडरसन व नेडरमायर यांनी १९३८ साली त्याला ‘मेसोट्रॉन’ म्हणावे असे सुचविले. होमी भाभा त्या वेळी केंब्रिजला होते. १९३९ च्या प्रारंभी ‘नेचर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी ह्या नावावर आक्षेप घेतला. ग्रीकमधील ‘मेसो’ म्हणजे मधला. त्यात ‘ट्र’ कोठेच नाही. ‘इलेक्ट्रॉन’ आणि ‘न्यूट्रॉन’ ह्यांतील ‘ट्र’ त्या त्या प्रकृतीचा भाग आहे, प्रत्ययाचा नव्हे. तेव्हा ‘मेसॉन’ हेच नाव अधिक तर्कशुद्ध आणि आखूडही आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. भाषाशास्त्राच्या वर्गात प्रकृती आणि प्रत्यय ह्यांचा छेद कोठे घ्यावा हे शिकविताना ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वापर अर्थातच एका पत्राने बदलत नाही. बिभा चौधुरी आणि देबेंद्रमोहन बोस यांनी १९४१ साली छायाचित्रण-काचांच्या साहाय्याने ह्या कणाचे वस्तुमान काढण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात ‘मेसोट्रॉन’ हाच शब्द होता. पुढे ‘मेसॉन’ टिकला आणि ‘मेसोट्रॉन’ गेला.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. ‘ट्रॉन’ला भाभांनी कणाच्या नावातून घालविले खरे; परंतु यंत्रांच्या नावांत तोच प्रत्यय म्हणून स्थिरावला : सायक्लोट्रॉन, बीटाट्रॉन, सिंक्रोट्रॉन. आणि हे अगदीच अस्थानी नाही. ग्रीकमध्ये ‘-ट्रॉन’ हा करणवाचक प्रत्यय आहेच. संस्कृतातील ‘खनित्र’, ‘अरित्र’, ‘शस्त्र’ ह्यांतला ‘-त्र’ त्याचाच सगोत्र होय. ‘यंत्र’ ह्या शब्दातही तो आहे. ज्याने काही करावयाचे त्या साधनाच्या नावाला तो शोभतो, कणाच्या नावाला शोभत नाही. भाभांचा कान बरोबर होता.

परंतु नावाचा तर्क शुद्ध असला म्हणून नाव खरे राहते असे नाही. ज्या कणासाठी हा वाद झाला तो युकावांचा कण नव्हताच. खरा युकावाकण, म्हणजे पायॉन, १९४७ साली ब्रिस्टलला पॉवेल यांच्या गटाला सापडला. आणि जुना ‘मेसोट्रॉन’, ज्याला आज म्यूऑन म्हणतात, तो मेसॉनांच्या वर्गातूनच बाहेर पडला. दुसरीकडे, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ह्यांच्या ‘मधला’ म्हणून ज्याला मेसॉन म्हटले त्या वर्गात पुढे प्रोटॉनहून जड कण आले. १९७४ साली सापडलेला जे-साय प्रोटॉनच्या तिप्पटीहून जड आहे, तर १९७७ चा अप्सिलॉन दसपट. आज मेसॉन म्हणजे मधल्या वजनाचा कण नव्हे. समसंख्य क्वार्क व प्रतिक्वार्क ह्यांनी, सामान्यतः एकेकाने, घडलेला कण. व्युत्पत्ती उरली नाही, प्रयोग उरला. कल्पना करा, की १९४० च्या सुमारास कोणी ‘मध्यकण’ असा सुबोध मराठी शब्द घडविला असता आणि तो पाठ्यपुस्तकांत रुजला असता. जो अर्थ मूळ भाषेत अपारदर्शक झाल्यामुळे निरुपद्रवी ठरला, तो मराठीत लख्ख दिसत राहिला असता आणि प्रत्येक पिढीला चुकीचे सांगत राहिला असता. संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय ह्यांच्या बळावर प्रत्येक संज्ञेला भारतीय प्रतिशब्द देण्याचा जो प्रचंड उद्योग डॉ. रघुवीर यांनी नागपुरास केला, त्याविषयी मला आदर आहे. परंतु पारदर्शकता हा शब्दाचा गुणच असतो असे त्यात गृहीत धरलेले होते, आणि ते ह्या उदाहरणात टिकत नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन यांसारखे जगभर रूढ झालेले शब्द तसेच ठेवावेत असे तत्त्व मानले. मेसॉनही त्याच पंक्तीला बसतो.

ह्याच कारणास्तव ‘मूलकण’ हा आपला रूढ शब्द मेसॉनला लावताना संकोच वाटला पाहिजे. ज्याला अंतर्रचना आहे तो ‘मूल’ कसा? शीर्षकात ‘मूलकण’ आणि पहिल्याच परिच्छेदात ‘क्वार्कांनी बनलेला’ असे लिहिणारे लेखक ही विसंगती लक्षात न घेता पुढे जातात. विद्यार्थी मात्र अडखळतो, आणि अडखळणारा विद्यार्थीच बरोबर असतो.

आता ‘प्रकाशजनन’. येथे दोष अधिक खोल आहे. मराठी वाचक हा समास कसा सोडवील? चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला ‘वीजनिर्मिती’ हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. २,९२० मेगावॉट क्षमतेचे केंद्र त्याच्या गावाशेजारी उभे आहे. वीजनिर्मिती म्हणजे विजेची निर्मिती. तसेच धान्योत्पादन, ग्रंथनिर्मिती, रोगनिदान. उत्तरपद क्रियावाचक नाम असले की पूर्वपद त्या क्रियेचे कर्म समजावे, ही मराठीची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. तेव्हा ‘प्रकाशजनन’ म्हणजे प्रकाशाचे जनन, असा षष्ठी तत्पुरुष प्रथम मनात येतो. प्रकाशाने केलेले जनन हा तृतीया तत्पुरुष सांगितल्याशिवाय सुचत नाही. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द ह्याला अपवाद वाटेल. तो शब्द शाळेत अखंड पाठ होतो, आणि ‘प्रकाशाचे संश्लेषण’ ह्या विग्रहाला काही अर्थच नसल्यामुळे गैरसमजाला तेथे जागा राहत नाही. प्रकाशजननाचे तसे नाही. ‘मेसॉनचे प्रकाशजनन म्हणजे मेसॉनपासून प्रकाश निर्माण होणे’ असे उत्तर विद्यार्थ्याच्या वहीत आढळले तर त्याला हसण्याचे कारण नाही. त्याने मराठीच्या नियमाप्रमाणे समास सोडविला आहे.

गंमत अशी, की त्याचे उत्तर चुकीचे असूनही निरर्थक नाही. उदासीन पायॉन खरोखरच प्रकाशात विरतो. तो निर्माण झाल्यावर सुमारे ८.३ × १०⁻¹⁷ सेकंदांत दोन फोटॉनांत रूपांतरित होतो. १९५० साली बर्कली येथील सिंक्रोट्रॉनवर स्टाइनबर्गर, पॅनॉफ्स्की व स्टेलर यांनी हा कण ओळखला तो ह्याच खुणेवरून : उच्च ऊर्जेच्या फोटॉनांचा मारा केला, आणि लक्ष्यापासून एकाच क्षणी दोन फोटॉन निघाले. आत जाताना फोटॉन, बाहेर येताना फोटॉन, आणि मेसॉन मधल्या मध्ये. प्रकाशाने मेसॉनचे जनन आणि मेसॉनपासून प्रकाशाचे जनन, हे दोन्ही विग्रह एकाच प्रयोगात एकामागून एक घडले.

नाते ह्याहून जवळचे आहे. हेन्री प्रिमाकॉफ यांनी १९५१ साली असे दाखविले, की पायॉनचे दोन फोटॉनांत होणारे रूपांतर उलट दिशेनेही वाचता येते. जड अणुकेंद्राभोवती विद्युत् क्षेत्र असते. बाहेरून आलेला फोटॉन त्या क्षेत्रातील आभासी फोटॉनाशी मिळाला की उदासीन पायॉन निर्माण होतो. ह्या निर्मितीचे प्रमाण मोजले की पायॉनचे आयुष्य कळते, कारण दोन्ही क्रियांमागे एकच संख्या आहे. अमेरिकेतील जेफर्सन प्रयोगशाळेत ‘प्राइमेक्स’ नावाचे प्रयोग ह्या रीतीने झाले आणि २०२० साली ते आयुष्य सुमारे दीड टक्का अनिश्चिततेपर्यंत निश्चित केल्याचे प्रसिद्ध झाले. समासाचे दोन परस्परविरुद्ध विग्रह निसर्गात एकाच राशीने बांधलेले असावेत, हा योगायोग वैयाकरणाला आवडण्याजोगा आहे. परंतु म्हणूनच शब्द अधिक काटेकोर हवा. दोन्ही क्रिया खऱ्या आहेत. तेव्हा कोणती अभिप्रेत आहे हे शब्दाने सांगितलेच पाहिजे, संदर्भावर सोडून चालणार नाही.

शिवाय ‘प्रकाश’ हे पूर्वपदही साशंक करणारे आहे. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. प्रोटॉनवर उदासीन पायॉन निर्माण करावयाचा तर किमान सुमारे १४५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि जेफर्सन प्रयोगशाळेतील ‘ग्लूएक्स’ प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या फोटॉनांची ऊर्जा नऊ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे. ह्याला प्रकाश म्हणणे शास्त्रदृष्ट्या चूक नाही. पण मराठीत ‘प्रकाश’ म्हटले की दिसणे आले, उजेड पाडणे आले, आणि वाचक नकळत असे समजतो की अंधाऱ्या मेसॉनमध्ये दिवा धरून आत डोकावले जात आहे. पुढे ‘अंतर्रचना’ हा शब्द आला की हे चित्र पक्के होते.

पर्याय आपल्याच परिसरात आहे. त्या केंद्राच्या नावात ‘औष्णिक’ असे विशेषण आहे. उष्णतेपासून वीज होते हे सांगण्यासाठी कोणी ‘उष्णतानिर्मिती’ म्हटले नाही. साधन विशेषणात घातले आणि कर्म समासात ठेवले. तसेच गडचिरोलीच्या आरोग्यकेंद्रांतील भिंतीवर ‘कीटकजन्य रोग’ असे लिहिलेले असते, आणि त्याचा अर्थ किड्यांना होणारा रोग असा कोणी करीत नाही. ‘-जन्य’ ह्या उत्तरपदाने कारण कोणते ते निःसंदिग्ध होते. तेव्हा ‘फोटॉनजन्य मेसॉननिर्मिती’ असे म्हणावे. शब्द लांब आहे. परंतु त्यात कारण कोणते, कार्य कोणते आणि क्रिया कोणती हे तिन्ही आपापल्या जागी आहे, आणि ‘प्रकाश’ ह्या शब्दाची दिवाबत्तीही टळते.

तिसरा शब्द ‘अंतर्रचना’. संस्कृत संधिनियमाने तो ‘अंतारचना’ व्हावयास हवा. परंतु ‘आंतरराष्ट्रीय’ जेथे चालते तेथे ही तक्रार करण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप रूपावर नसून अर्थावर आहे. ‘अंतर्’ म्हटले की बाहेर एक कवच आले. कवच फोडले, की आतल्या वस्तू सुट्या होऊन हातात येतात. अणूविषयी हे चित्र काही अंशी चालते, अणुकेंद्राविषयीही चालते. मेसॉनविषयी मुळीच चालत नाही. मेसॉनवर कितीही जोराचा आघात केला तरी सुटा क्वार्क बाहेर पडत नाही. दिलेल्या ऊर्जेतून नवी क्वार्क-प्रतिक्वार्क जोडी होते आणि आणखी मेसॉन मिळतात.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात चमत्कारिक काही वाटू नये. ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्याने’ ह्या रूपांतील ‘ला’ किंवा ‘त’ कोणी सुटा उच्चारीत नाही. ‘पाण्या-’ हे सामान्यरूपही, संबोधनाचा प्रसंग सोडल्यास, एकटे ऐकू येत नाही. दोन्ही बद्ध आहेत. तरीही वैयाकरण त्यांना घटक मानतो, कारण त्यांना मानल्यावाचून रूपांची व्यवस्था लागत नाही. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी स्वतंत्रपणे मांडलेली क्वार्कांची कल्पना प्रारंभी अशाच अवस्थेत होती : हे घटक खरोखर आहेत, की वर्गीकरणाची सोय म्हणून कल्पिलेले आहेत? आमच्या शास्त्रात हाच वाद बारा वर्षे आधी होऊन गेला होता. हॅरिस यांच्या ग्रंथाचे परीक्षण करताना फ्रेड हाउसहोल्डर यांनी १९५२ साली भाषाविश्लेषकांचे दोन पंथ सांगितले : रचना भाषेत आहे आणि ती शोधावयाची असे मानणारे, आणि रचना विश्लेषक घालतो असे मानणारे. पहिल्यांना त्यांनी ईश्वरी सत्याचे पाईक म्हटले, दुसऱ्यांना हातचलाखीचे. क्वार्कांच्या बाबतीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रकीर्णनाच्या प्रयोगांनी आणि १९७४ च्या जे-साय कणाने पारडे पहिल्या पंथाकडे झुकविले. रूपिकेच्या बाबतीत आमचे पारडे अजून हेलकावतच आहे, हे येथे कबूल करून पुढे जावे.

तर मग फोटॉनजन्य निर्मितीने मेसॉनच्या घडणीविषयी नेमके काय कळते? काही गोष्टी कळतच नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. पायॉनचा विद्युत् भार किती जागेत पसरला आहे, म्हणजे त्याची त्रिज्या सुमारे ०.६६ × १०⁻¹⁵ मीटर आहे, हे ज्ञान फोटॉनजन्य निर्मितीतून आलेले नाही. वेगवान पायॉन अणूंतील इलेक्ट्रॉनांवर आदळवून त्यांचे प्रकीर्णन मोजण्याचे प्रयोग झाले, त्यांतून ते आले. ‘आकार’ कळणे आणि ‘घडण’ कळणे ह्या दोन गोष्टी आहेत, आणि ‘अंतर्रचना’ हा शब्द दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

घडण कशी कळते ह्याचे सर्वांत सुंदर उदाहरण ऱ्हो, ओमेगा आणि फाय ह्या तीन मेसॉनांचे आहे. ह्यांचे परिवलन, समता इत्यादी पुंजांक फोटॉनाच्या पुंजांकांसारखेच आहेत. त्यामुळे फोटॉन प्रोटॉनजवळून जाताना थोडा वेळ जणू ह्यांपैकी एकाचे रूप घेतो, आणि धक्का मिळाला की तो मेसॉन प्रत्यक्ष बाहेर पडतो. जे. जे. साकुराई यांनी १९६० साली ह्या दृष्टीने विचार मांडला. आता फोटॉन विद्युत् भाराशीच संबंध ठेवतो. म्हणून तो कोणत्या मेसॉनशी किती जोडला जाईल हे त्या मेसॉनमधील क्वार्कांच्या भारांवर अवलंबून असले पाहिजे. वरच्या क्वार्काचा भार अधिक दोन-तृतीयांश, खालच्याचा आणि विजोड क्वार्काचा उणे एक-तृतीयांश. हे भार घेऊन हिशेब केला की जोडणीचे प्रमाण ऱ्हो, ओमेगा आणि फाय ह्यांसाठी ९ : १ : २ असे येते, आणि मोजमाप त्याच्या जवळपास जाते.

ह्या हिशेबातील मर्म असे. ऱ्हो आणि (उदासीन घटकापुरता पाहिल्यास) ओमेगा ह्यांत घटक अगदी तेच आहेत : वरचा क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क, खालचा क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क. फरक एवढाच, की एकात ह्या दोन जोड्या उणे चिन्हाने जोडल्या आहेत, दुसऱ्यात अधिक चिन्हाने. उणे चिन्हाने भार एकमेकांना पोषक होतात, अधिक चिन्हाने मारक. आणि तेवढ्याने प्रमाणात नऊपट अंतर पडते. आत काय आहे ह्याची यादी दोघांची सारखीच निघेल. फरक यादीत नाही, जोडण्यात आहे. ‘देवगाव’ आणि ‘गावदेव’ ह्यांतील पदे तीच असून एक गाव आहे आणि एक देव, ह्या उदाहरणाने हे स्थूलपणे सांगता येईल. स्थूलपणे अशासाठी की येथे क्रम बदलतो, तेथे चिन्ह बदलते. ‘अंतर्रचना’ ह्या शब्दाने जी यादी सुचते ती ह्या ठिकाणी निरुपयोगी आहे. मी ‘घडण’ हा शब्द सुचवितो. त्यात घडणे आहे आणि घडविणेही आहे, ‘आत’ नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. क्वार्क आणि प्रतिक्वार्क ह्यांच्या जोडीला काही पुंजांक मिळूच शकत नाहीत. दोघांची परिवलने कशीही जुळवा, परस्परांभोवतीची गती कशीही घ्या, परिवलन १, समता ऋण आणि भार-संयुग्मन धन, असा संच त्या व्याकरणातून निघत नाही. मराठीत ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द नाही, तसे हे आहे. ‘ळ’ आपल्याकडे आहे, शब्दाच्या मध्ये आणि अंती भरपूर आहे, (झाडीबोलीत तोही ‘र’ होतो, डोळ्याचा ‘डोरा’ होतो, तो भाग निराळा.) परंतु आरंभी तो येत नाही, आणि हे केवळ अद्याप कोणी शब्द घडविला नाही म्हणून नव्हे. उद्या ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द कोणाच्या तोंडी खरोखर ऐकू आला, तर तो दुसऱ्या व्याकरणातून आला असे आपण म्हणू. त्याचप्रमाणे वर सांगितलेल्या पुंजांकांचा मेसॉन मिळाला तर तो केवळ क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा नाही हे ठरते. त्यांना बांधून ठेवणारे ग्लूऑनांचे क्षेत्रच त्यात घटक म्हणून उतरले असावे, असा एक प्रबळ तर्क आहे. निषिद्ध रूप सापडणे हाच घडणीचा पुरावा.

‘ग्लूएक्स’ची योजना ह्या शोधासाठी आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथे इलेक्ट्रॉनांची शलाका हिऱ्याच्या अत्यंत पातळ चकतीतून पाठविली जाते. तेथे निर्माण होणारे ध्रुवित फोटॉन द्रवरूप हायड्रोजनवर पडतात. फोटॉनच वापरण्याचे कारण हे, की फोटॉन ज्या ऱ्होसदृश रूपात वावरतो त्यात दोन क्वार्कांची परिवलने आधीच एका दिशेने असतात, आणि अपेक्षित निषिद्ध मेसॉनला तशीच घडण सोयीची असावी असे गणित सुचविते. शोध मात्र सरळ नाही. असा मेसॉन कोणी पाहत नाही. तो ऊर्जेच्या आलेखावर एका रुंद उंचवट्याच्या रूपाने असतो, त्याच ठिकाणी इतर मेसॉनांचे उंचवटे असतात, आणि विघटनातून निघालेल्या कणांचे कोन पाहून हा हिस्सा कोणाचा, तो कोणाचा, असे वाटे पाडावे लागतात. कित्येकदा एकाच आकडेवारीचे दोन विग्रह तितकेच बरे बसतात. समासाच्या बाबतीत आपण वक्त्याला विचारू शकतो. येथे विचारणार कोणाला?

विवेचनात अशा मेसॉनला ‘संकरित’ म्हणण्याची प्रवृत्ती दिसते. आपल्याकडे संकरित म्हटले की धानाचे आणि कापसाचे बियाणे आठवते : दोन भिन्न जातींचे मातापिता आणि त्यांचे गुण वाटून घेतलेले अपत्य. मेसॉनच्या बाबतीत दोन जाती नाहीत. एकाच मेसॉनमध्ये बांधणारे क्षेत्र स्वतः उत्तेजित झालेले आहे. शब्द तूर्त चालू द्यावा, पण अवतरणचिन्हांत.

ह्या शोधाचे आजवरचे फळ मराठीत कसे सांगावे, हा शेवटचा प्रश्न. ‘पाय-एक (१६००)’ नावाच्या अशा निषिद्ध पुंजांकांच्या मेसॉनचा पुरावा पायॉनांच्या शलाका वापरणाऱ्या प्रयोगांतून, विशेषतः युरोपातील ‘कंपास’मधून, मिळालेला आहे. ग्लूएक्सच्या गटाने २०२४ साली जे प्रसिद्ध केले ती फोटॉनजन्य निर्मितीतील त्याच्या काटच्छेदाची वरची मर्यादा आहे. ह्याचे ‘ग्लूएक्सला निषिद्ध मेसॉन सापडला नाही’ असे रूपांतर करणे सोपे आहे, आणि ते चुकीचे आहे. ‘सापडला नाही’ ह्या नकारात, शोधले आणि नव्हता, असा ध्वनी येतो. मूळ विधानाचा क्रम निराळा आहे : तो असेल, असला, तर ह्या रीतीने तो जास्तीत जास्त इतक्या प्रमाणात निर्माण होत असेल, ह्याहून अधिक नाही. मराठीत ह्यासाठी साधन नाही असे नाही. नकार ‘अधिक’ ह्या पदाला लावावयाचा, ‘सापडणे’ ह्या क्रियेला नव्हे. आणि वाक्याचा शेवट ‘आहे’ने न करता ‘असू शकेल’ने करावयाचा.